स्नायूंची तंतुरचना, ताकद आणि हालचाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिमला जाणारी मुलं, मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या बायका, तालमीतले पैलवान, फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि गुडघेदुखीने हैराण झालेले आजी-आजोबा यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच समज असतो, की स्नायू जेवढा मोठा तेवढी ताकद जास्त. तो अर्धाच खरा आहे. स्नायूच्या आत तंतू किती लांब आहेत, किती तिरके आहेत आणि शेजारी शेजारी किती बसले आहेत, यावर त्याचं काम ठरतं. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक कंसात आहे.

१. तंतुरचना म्हणजे नक्की काय? स्नायू म्हणजे मांसाचा गोळाच ना?

गोळा फक्त बाहेरून दिसतो. शिजलेल्या चिकनचा तुकडा बोटांनी सोलला की लांब धागे सुटतात. त्या असतात तंतूंच्या जुड्या. एका जुडीत पुष्कळ तंतू असतात आणि प्रत्येक तंतू ही साधारण केसाच्या जाडीची एकच लांबलचक पेशी असते. तंतूंची टोकं कंडरेला (टेंडनला) किंवा थेट हाडाला जोडलेली असतात.

तंतुरचना पाहताना तीन गोष्टी मोजतात: तंतूंची लांबी, कंडरा ज्या दिशेने ओढते त्या दिशेशी तंतूंचा होणारा कोन, आणि सगळ्या तंतूंना काटकोनात कापलं तर मिळणाऱ्या छेदाचं एकूण क्षेत्रफळ. दंडातला बायसेप्स घ्या, त्याचे तंतू जवळपास सरळ उभे धावतात. मांडीच्या पुढच्या रेक्टस फेमोरिसमध्ये ते पक्ष्याच्या पिसातल्या केसांसारखे मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तिरके येऊन मिळतात. खांद्यावरच्या डेल्टॉइडच्या मधल्या भागात अशी अनेक पिसं शेजारी शेजारी असतात. छातीचा पेक्टोरालिस मेजर पंख्यासारखा पसरलेला असतो, त्यामुळे त्याचे वरचे आणि खालचे तंतू वेगवेगळ्या दिशांना ओढतात.

२. लांब तंतू वेग देतात आणि जास्त तंतू जोर देतात असं वाचलं. असं का?

तंतूच्या आत सार्कोमियर नावाचे सूक्ष्म कप्पे एकापुढे एक लागलेले असतात. माणसाचा सार्कोमियर सर्वाधिक जोर लावतो तेव्हा त्याची लांबी सुमारे २.७ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) असते. म्हणजे १० सेंटिमीटरच्या तंतूत साधारण ३७ हजार कप्पे एका रांगेत आले. आकुंचनाच्या वेळी प्रत्येक कप्प्यातले ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकतात. ही कल्पना १९५४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. एका गटात अँड्र्यू हक्सली होते, दुसऱ्यात ह्यू हक्सली. आडनाव एकच असलं तरी दोघांचं नातं नव्हतं.

आता हिशेब पाहा. रांगेतले सगळे कप्पे एकाच वेळी थोडे थोडे आखडतात आणि ते आखडणं एकात एक मिळत जातं. रांग लांब असेल तर तेवढ्याच वेळात टोक जास्त अंतर सरकतं, म्हणजे वेगही जास्त आणि पल्लाही जास्त. जोर मात्र मिळत जात नाही, कारण रांगेतल्या प्रत्येक कप्प्यावर ताण तेवढाच असतो. जोर वाढवायचा तर रांगाच शेजारी शेजारी वाढवाव्या लागतात. तेवढ्याच वजनाच्या मांसातून शरीर थोड्या पण लांब रांगा बनवू शकतं किंवा पुष्कळ पण आखूड. पहिल्या रचनेत पल्ला आणि वेग मिळतो, दुसरीत जोर. या लेखातली बहुतेक उत्तरं याच एका निवडीतून निघतात.

३. तंतू तिरके असतील तर जोर वाया जात नाही का?

जातो, पण फार थोडा. तिरक्या तंतूचा कंडरेच्या दिशेला लागणारा जोर त्या कोनाच्या कोसाइनइतका असतो. कोन १० अंश असेल तर दीड टक्का जातो, २० अंशाला ६ टक्के, ३० अंशाला सुमारे १३ टक्के.

त्याच्या बदल्यात तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त तंतू मावतात. तंतू उभे असले तर त्यांना जोडायला स्नायूच्या दोन टोकांएवढीच जागा मिळते. ते तिरके लावले की स्नायूभर पसरलेल्या कंडरेच्या पडद्यावर, वरपासून खालपर्यंत, कुठेही जोडता येतात. डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ निल्स स्टेनसन यांनी १६६७ मध्येच स्नायूची अशी भूमिती काढून दाखवली होती. आकुंचनाच्या वेळी स्नायू फुगतो तेव्हा त्याचं घनफळ वाढतं असं तेव्हा मानलं जाई. तिरके तंतू आखडले तरी घनफळ तेवढंच राहू शकतं, हे त्यांनी निव्वळ आकृत्यांवरून सिद्ध केलं. सूक्ष्मदर्शकातून सार्कोमियर दिसण्याच्या कितीतरी आधीचं हे काम आहे, आणि मला ते आजही थक्क करतं.

४. म्हणजे मोठा स्नायू हा जास्त ताकदीचा असेलच असं नाही? उदाहरण द्या.

पायातलेच दोन स्नायू घेऊ. सार्टोरियस खुब्याच्या हाडापासून मांडीवरून तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला जातो. आपण जमिनीवर मांडी घालून बसताना खुबा वळवणं, पाय बाहेर नेणं आणि गुडघा दुमडणं या सगळ्यांत त्याचा हात असतो. शरीरातला सर्वांत लांब स्नायू हाच. शवविच्छेदनात मोजलेल्या त्याच्या तंतूंची लांबी ४० सेंटिमीटरच्या आसपास भरते, पण छेद जेमतेम २ चौरस सेंटिमीटर.

सोलियस पोटरीत खोलवर असतो. त्याचे तंतू साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, कोन २८ अंशांच्या जवळपास आणि छेद तब्बल ५० चौरस सेंटिमीटर. वजनात तो सार्टोरियसच्या साडेतीन पट आहे, पण छेदात पंचवीस पट.

माणसाचा स्नायू दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण २० ते ३० न्यूटन जोर लावतो (१० न्यूटन म्हणजे साधारण १ किलो वजन तोलण्याइतका जोर). या हिशेबाने सोलियसला १०० ते १५० किलो वजन तोलण्याइतका जोर आहे आणि सार्टोरियसला ४ ते ६ किलोंइतका. याउलट, टोक सरकण्याचा वेग पाहिला, आणि तंतूंचा प्रकार एकच धरला, तर सार्टोरियस नऊपट पुढे जाईल. उभं राहताना आणि चालताना अख्खं शरीर पुढे कोसळू न देणं हे सोलियसचं काम आहे. त्याला पल्ला लागत नाही, जोर लागतो. दोघांचीही रचना आपापल्या कामाला चपखल आहे.

५. आमच्या गटातला एक सडपातळ मुलगा माझ्यापेक्षा जास्त वजन उचलतो. माझा दंड त्याच्या दीडपट आहे. हे कसं?

तीन कारणं असू शकतात, आणि बहुधा तिन्ही थोडी थोडी असतात.

पहिलं, दंडाचा घेर टेपने मोजला की त्यात चरबी, हाड आणि मागचा ट्रायसेप्सही येतो. शिवाय तिरक्या तंतूंच्या स्नायूत टेपला लागणारा आडवा छेद आणि तंतूंचा खरा छेद यांत मोठा फरक असतो.

दुसरं कारण तरफेचं. बायसेप्सची कंडरा कोपरापासून साधारण ४ ते ५ सेंटिमीटरवर जोडलेली असते आणि हातातलं वजन ३५ सेंटिमीटरवर. त्यामुळे ५ किलोचं डंबेल तोलताना कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना जवळपास ४० किलोंइतकी ओढ द्यावी लागते. कंडरा जोडण्याची जागा माणसागणिक थोडी बदलते. कोणाची अर्धा सेंटिमीटर पुढे असेल तर त्याला तेच वजन दहाएक टक्के हलकं पडतं. ही देणगी जन्मजात आहे, मेहनतीने बदलत नाही. तिची किंमतही असते: तेवढंच आखडून हात कमी अंशांतून वळतो, म्हणजे वेग कमी मिळतो. वेगवान धावकांच्या एका गटात टाचेच्या कंडरेची तरफ इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के आखूड आढळली होती, आणि पोटरीच्या जुड्या लांब.

तिसरं कारण मज्जासंस्थेचं. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी तिथूनच येते. तंतू तेच असतात, मेंदू त्यांतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतो.

६. फास्ट ट्विच आणि स्लो ट्विच म्हणजे हेच का?

नाही, ती वेगळी गोष्ट आहे. फास्ट किंवा स्लो हा तंतूचा जैवरासायनिक प्रकार आहे. त्यातलं मायोसिन किती झपाट्याने काम करतं त्यावर तो ठरतो. तंतुरचना म्हणजे मांडणी. सोलियस बहुतांश स्लो तंतूंचा आहे आणि तरीही पोटरीचा सगळ्यात जोरकस स्नायू आहे, कारण त्याचा छेद प्रचंड आहे (प्रश्न ४). दर चौरस सेंटिमीटरमागे जोराच्या बाबतीत दोन्ही प्रकारांत फार फरक नसतो. वेगात मात्र कित्येक पटींचा असतो. शेवटचा वेग ठरतो तो प्रकार आणि लांबी या दोन्हींच्या गुणाकाराने.

७. व्यायामाने ही रचना बदलते की जन्मतः ठरलेली असते?

बदलते. १४ आठवडे जोरदार वजनं उचलायला लावून मांडीच्या बाहेरच्या व्हास्टस लॅटरॅलिस स्नायूची सोनोग्राफी केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तंतूंचा कोन ८ अंशांवरून साधारण १०.७ अंशांवर गेला होता. स्नायूचा आडवा छेद सुमारे १० टक्के वाढला, पण एकेका तंतूचा छेद त्याहून जास्त, १६ टक्के वाढला होता. हा फरक तिरकेपणातून आला. तंतू जाड होतात, तिरके होऊन जागा करून घेतात आणि बाहेरून दिसतं त्याहून जास्त तंतुद्रव्य आत मावतं. पहिल्या काही महिन्यांत आरशात फारसा फरक दिसत नाही म्हणून नाराज होणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

लांबीही बदलते. तिचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

८. वजन उचलताना फायदा होतो की हळूहळू खाली आणताना?

दोन्हींत, पण वेगवेगळा. उचलताना स्नायू जोर लावत आखडतो. खाली आणताना जोर लावतच लांबत जातो. २०१४ च्या एका प्रयोगात दहा आठवडे एका गटाने फक्त उचलण्याचा भाग केला आणि दुसऱ्याने फक्त उतरवण्याचा. दोघांच्या स्नायूचं घनफळ जवळपास सारखंच वाढलं. उचलणाऱ्यांमध्ये मात्र तंतूंचा कोन सुमारे ३० टक्क्यांनी वाढला आणि लांबी थोडीच. उतरवणाऱ्यांमध्ये लांबी सुमारे १२ टक्क्यांनी वाढली आणि कोन थोडाच. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही मांड्या सारख्याच दिसल्या असत्या.

म्हणूनच बार खाली आणताना तो नुसता सोडून देणं मला खटकतं. कामाचा अर्धा भाग तिथे हातातून निसटतो.

एक सावधगिरी हवी. सोनोग्राफीत जुडी लांब झालेली दिसते, आतले सार्कोमियर दिसत नाहीत. २०२२ मध्ये सूक्ष्म सुईसारखा कॅमेरा स्नायूत घालून पाहिलं, तेव्हा तीन आठवड्यांच्या व्यायामानंतर जुडी लांबली होती ती मुख्यतः कप्पे ताणले गेल्याने. नवे कप्पे लागायला याहून जास्त काळ लागतो. म्हणून तीन आठवड्यांत रचना बदलून देतो म्हणणाऱ्या कोणावर विसंबू नका.

९. तालमीतल्या बैठका आणि जोर यांना या शास्त्रात काही आधार आहे का?

आहे. पैलवानी बैठकीत माणूस टाचांपर्यंत खाली जातो. गुडघा पूर्ण वाकलेला असताना मांडीच्या पुढचे स्नायू त्यांच्या सर्वांत लांब अवस्थेत असतात आणि तिथूनच त्यांना शरीर वर ढकलायचं असतं. लांबलेल्या अवस्थेत भार घेतल्याने स्नायूची वाढ आणि जुड्यांची लांबी या दोन्हींना चालना मिळते, असं बहुतेक अभ्यासांत दिसतं. अर्ध्यावरून परतणाऱ्या बैठकीत हा भाग निसटतो. जोर मारताना छाती आणि खांदे पूर्ण ताणाच्या स्थितीतून जातात, तिथेही हेच तत्त्व आहे.

मर्यादाही सांगायला हवी. शेकडो बैठका म्हणजे हलका भार पुष्कळ वेळा. त्याने दम वाढतो, तंतूंचा छेद एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. जुन्या वस्तादांनी गदा, नाल आणि जोडीदाराला पाठीवर घेऊन बैठका हे सगळं तालमीत ठेवलं होतं, ते योग्यच होतं. गुडघा आधीच दुखत असेल तर पूर्ण बैठक तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नका.

१०. मला स्प्रिंट मारताना मांडीमागे पुन्हा पुन्हा दुखापत होते. तंतूंच्या लांबीशी संबंध असू शकतो का?

असू शकतो. मांडीमागच्या बायसेप्स फेमोरिसच्या लांब भागाला ही दुखापत सर्वांत जास्त होते, आणि बहुधा पाय पुढे झेपावून जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणी. तेव्हा तो स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी जोर लावत पायाला ब्रेक देत असतो. तंतू आखूड असतील तर त्याच पल्ल्यासाठी प्रत्येक कप्प्याला जास्त ताणावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या २०१६ च्या अभ्यासात, ज्यांच्या या जुड्या साडेदहा सेंटिमीटरपेक्षा आखूड होत्या त्यांना दुखापतीचा धोका सुमारे चौपट आढळला. वय आणि आधी झालेली दुखापत हेही मोठे घटक आहेत, त्यामुळे सगळा दोष लांबीवर टाकता येत नाही.

उपाय साधा आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून स्वतःला शक्य तितकं सावकाश पुढे झुकू द्यायचं. याला नॉर्डिक म्हणतात. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर संघांच्या सरावात हा व्यायाम आल्यावर मांडीमागच्या दुखापती निम्म्याच्या आसपास आल्या. पहिल्या आठवड्यात स्नायू फार दुखतात, म्हणून आठवड्यातून एकदा, थोड्या आवर्तनांनी सुरुवात करा. कबड्डीच्या चढाईपटूंनी तर हा व्यायाम सोडूच नये असं माझं ठाम मत आहे.

११. रोज स्ट्रेचिंग केल्याने तंतू लांब होतात का?

काही मिनिटांच्या रोजच्या ताणाने होणारा फायदा मुख्यतः सहनशीलतेचा असतो. मेंदू तो ताण सोसायला शिकतो आणि सांधा जास्त वळू देतो. रचना बदलायची तर लांबलेल्या अवस्थेत भार हवा (प्रश्न ८ आणि १०), किंवा तासन्‌तास चालणारा ताण (प्रश्न १२).

१२. प्लास्टर काढल्यावर पाय पूर्ण सरळ का होत नाही? आणि उंच टाचांच्या चपलांनी असंच होतं का?

स्नायू ज्या लांबीत जास्त काळ राहतो तिच्याशी जुळवून घेतो. १९७० च्या दशकात मांजरांवर झालेल्या प्रयोगांत सोलियस आखूड अवस्थेत प्लास्टरमध्ये ठेवला, तर काही आठवड्यांत रांगेतले सुमारे ४० टक्के सार्कोमियर गेले. लांब अवस्थेत ठेवला तर जवळपास १९ टक्के वाढले. प्लास्टर काढल्यावर पुढच्या आठवड्यांत कप्प्यांची संख्या पुन्हा मूळपदावर आली. प्लास्टरनंतर सांधा अडतो यात सांध्याचं आवरण आखडण्याचाही वाटा असतो, पण स्नायूच्या बाजूचं कारण हे आहे आणि ते भरून येतं. घाईघाईने हिसका देऊन पाय सरळ करण्यात मात्र नुकसान आहे.

उंच टाचांबद्दल २०१० मध्ये असाच अभ्यास झाला. दोन वर्षं किंवा जास्त काळ नियमित किमान ५ सेंटिमीटरच्या टाचा वापरणाऱ्या बायकांच्या पोटरीतल्या जुड्या इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून थोड्या जास्त आखूड होत्या आणि टाचेची कंडरा जाड व ताठ झाली होती. टाचा उतरवून सपाट चालताना पोटरी ओढल्यासारखी वाटते ती त्यामुळे. अशा टाचा सोडायच्या असतील तर एकदम सपाट चपलेवर येऊ नका, उंची टप्प्याटप्प्याने कमी करा.

१३. मनगट आत वाकवलं की मूठ घट्ट का आवळता येत नाही?

आत्ता करून पाहा. मनगट पूर्ण आत वाकवा आणि मूठ आवळा, मग मनगट किंचित मागे घेऊन आवळा. बोटं मिटवणारे स्नायू कोपराजवळून सुरू होऊन मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. मनगट आत वाकलं की ते आधीच आखडलेले असतात, धागे एकमेकांवर नको इतके चढतात आणि जोर लावायला जागा उरत नाही. फार ताणले तर धागे एकमेकांपर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत आणि तिथेही जोर घटतो. मधल्या लांबीतच तो सर्वाधिक असतो.

याची फार सुंदर उलटी बाजू पाठीत आहे. कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेला मल्टिफिडस हा आखूड तंतूंचा, मोठ्या छेदाचा स्नायू. सरळ कण्यात त्याचे सार्कोमियर सर्वोत्तम लांबीपेक्षा आखूड असतात. त्यामुळे आपण पुढे वाकू लागतो तसा तो लांबतो आणि त्याची ताकद वाढत जाते. कण्याला आधाराची गरज वाढते नेमकी तेव्हाच.

१४. चालताना पोटरीचे तंतू प्रत्येक पावलाला आखडतात-लांबतात ना?

अनेकांना आश्चर्य वाटतं, पण पाऊल जमिनीवर असताना गॅस्ट्रोक्निमियस या पोटरीतल्या वरच्या स्नायूचे तंतू बऱ्याच वेळ जवळपास त्याच लांबीत धरून राहतात. २००१ मध्ये चालत्या माणसांच्या पोटरीची सोनोग्राफी करून हे दाखवलं गेलं. लांबते आणि परत येते ती टाचेमागची ॲकिलीस कंडरा. तंतू एक टोक घट्ट धरतात आणि कंडरा ऊर्जा साठवून परत देते. ७० किलोंच्या माणसाच्या मध्यम वेगाच्या धावण्यात दर पावलाला ही कंडरा सुमारे ३५ जूल साठवते, असा १९८७ चा अंदाज आहे.

आखूड, तिरके तंतू आणि लांब कंडरा ही पोटरीची जोडी म्हणूनच किफायतशीर आहे. जागच्या जागी धरून ठेवण्यात आखडण्यापेक्षा कमी ऊर्जा जाते, आणि आखूड तंतूला तेवढ्याच जोरासाठी कमी मांस पोसावं लागतं. पंढरीच्या वाटेवर दिवसभर चालणारे वारकरी ज्या यंत्रणेवर चालतात ती ही.

१५. वय वाढलं की ताकद कमी होते ती फक्त स्नायू बारीक झाल्याने का?

बारीक होणं हा मोठा भाग आहे, पण रचनाही बदलते. २००३ मध्ये सारख्या उंचीच्या आणि सारख्या हालचालीच्या तरुण (२७ ते ४२) आणि वृद्ध (७० ते ८१) पुरुषांची तुलना झाली. वृद्धांच्या पोटरीच्या आतल्या बाजूच्या स्नायूचं घनफळ सुमारे २५ टक्के कमी होतं, जुड्या १० टक्के आखूड आणि कोन १३ टक्के कमी. म्हणजे जोरही घटतो आणि वेगही. पाय घसरला की झटकन पुढे टाकून तोल सावरायला वेगच लागतो, हे लक्षात घ्या.

आशेची बाजू अशी की म्हातारपणीही व्यायामाने कोन आणि लांबी दोन्ही वाढतात. घरच्या घरी, आधाराला धरून खुर्चीतून उठणं आणि विशेषतः सावकाश बसणं हा चांगला आरंभ आहे. धपकन बसू नका. ते सावकाश बसणंच स्नायूला लांबवत भार देतं.

१६. चिंपांझी माणसापेक्षा पाचपट ताकदवान असतो हे खरं का?

नाही. हे आकडे १९२० च्या दशकातल्या ढोबळ चाचण्यांमधून पसरले. २०१७ च्या अभ्यासात चिंपांझीच्या स्नायूची हालचालीतली ताकद माणसाच्या सुमारे १.३५ पट ठरली. एकेका तंतूच्या जोरात फारसा फरक नाही. त्यांच्यात वेगवान तंतू दोन-तृतीयांशांच्या आसपास आहेत आणि तंतू लांब आहेत. माणसात सावकाश तंतूंचं प्रमाण सुमारे ७० टक्के. दूरवर, कमी खर्चात चालण्यासाठी आपण झाडावरची झटक्याची ताकद सोडली असावी, हे संशोधकांचं स्पष्टीकरण मला पटतं.

१७. माझ्या स्नायूची तंतुरचना मोजून घेता येईल का?

सोनोग्राफीत तंतूंच्या जुड्या तिरक्या पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात. त्यांची लांबी आणि कोन मोजता येतो. मोठ्या स्नायूत पूर्ण जुडी चित्रात मावत नाही, मग उरलेली लांबी अंदाजाने धरतात. प्रोब किंचित फिरला तरी आकडा बदलतो. एमआरआयच्या खास पद्धतीने तंतूंचे मार्ग त्रिमितीत काढता येतात, पण ते संशोधनापुरतं. रोजच्या व्यायामासाठी या मोजमापाची गरज नाही. वारंवार दुखापत होणाऱ्या खेळाडूसाठी उपयोग होऊ शकतो.

१८. तिरक्या स्नायूचा वेग नेहमीच कमी असतो का?

तंतूंचा हिशेब (प्रश्न २) तसं सांगतो, पण इथे एक मजेदार अपवाद आहे. तिरके तंतू आखडताना फिरतातही आणि जास्त तिरके होतात. त्या फिरण्याने अख्खा स्नायू तंतूंपेक्षा जास्त आखडतो. भार हलका असला की तंतू जास्त फिरतात आणि वेग मिळतो. भार जड असला की फिरणं कमी होतं आणि जोर टिकतो. मोटारीच्या गिअरचं काम स्नायू आकार बदलून आपोआप करतो. २००८ मध्ये टर्की पक्ष्याच्या पोटरीवर हे मोजलं गेलं.

दुसरा अपवाद सार्टोरियसचा. प्रश्न ४ मधली ४० सेंटिमीटरची लांबी मुळात जुडीची आहे. १९९३ मध्ये दाखवलं गेलं, की सार्टोरियस आणि मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस यांतले बरेच तंतू जुडीच्या मध्येच संपतात आणि आपला जोर शेजारच्या तंतूंना संयोजी ऊतीमार्फत आडवा देतात.

१९. हाताच्या नसा निकामी झाल्यावर एक स्नायू काढून दुसरीकडे जोडतात म्हणे. कोणताही स्नायू चालतो का?

चालत नाही, आणि तंतुरचनेचा सर्वांत थेट उपयोग इथेच होतो. या कामात भारताचा मोठा वाटा आहे. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये होते. कुष्ठरोगात नस मेल्याने तळहातातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटं पंजासारखी वळतात. ब्रँड यांनी पुढल्या हातातला (कोपर ते मनगट या भागातला) चालू स्नायू घेऊन, त्याची कंडरा वळवून बोटांना जोडली आणि लोकांना जेवता, लिहिता, अवजार धरता येऊ लागलं.

निवड करताना दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. जिथे जोडायचं तिथे कंडरा किती सरकू शकेल हे दात्या स्नायूच्या तंतूंच्या लांबीवरून कळतं, आणि किती जोर मिळेल ते छेदावरून. पुढे १९८१ मध्ये ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हात आणि पुढल्या हाताच्या स्नायूंच्या या दोन्ही गुणांचं कोष्टकच प्रसिद्ध केलं. मनगट मागे नेणारे दोन शेजारी स्नायू पाहा: लांबट असलेल्याचे तंतू साडेसात सेंटिमीटरच्या आसपास आणि छेद दीड चौरस सेंटिमीटर, आखूड असलेल्याचे तंतू पाचाच्या जरा आत आणि छेद पावणेतीन. पल्ला हवा असेल तर पहिला द्यावा, आणि मनगटाला जोर देणारा दुसरा जागेवरच ठेवावा.

जोडताना ताण किती ठेवायचा हेही महत्त्वाचं आहे. फार सैल बांधला तर तंतू आखूड राहतात आणि फार घट्ट बांधला तर नको इतके ताणले जातात. दोन्हींत जोर जातो (प्रश्न १३). शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला जुन्या स्नायूकडून नवी हालचाल करून घ्यायला शिकावं लागतं. सुरुवातीला बोटं मिटण्यासाठी तो मनात मनगटाची हालचाल आणतो, आणि सरावानंतर बोटांचा विचार केला की बोटं मिटू लागतात.